कप्पवाली सिस्टर

आमच्या दवाखान्यात बाळंतपण झालं की पेढे डॉक्टरांच्या टेबलावर यायचे आणि मुरूम सिस्टरच्या क्वार्टरमागे. बाळाचा बाप पेढ्यांचा पुडा घेऊन समोर उभा राहिला की सिस्टर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "ट्रॅक्टर हाय का घरी? नाही? मंग शेजाऱ्याचा असंल. पेढे तिकडे दे. मले एक ट्रॉली मुरूम आनून टाक." मुलगी झाली असेल तर दोन ट्रॉल्या. असं का, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. पण एका बापानं एकदा विचारलंच.

"पोरगी झाली तर तुमी लोकं पेढेच आनत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मंग मी तरी दुप्पट नको मागू?"

तो बिचारा दोन ट्रॉल्या टाकून गेला आणि जाताना पेढेही ठेवून गेला.

मंगरूळपीरहून बसनं निघालं की इंझोरीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी औषधं देते. गावाच्या भाषेत गोळ्यावाली. मी रुजू झाले तेव्हा सिस्टरना तिथं इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या हातून जन्मलेल्या पोरी आता त्यांच्याच हाताखाली बाळंत होत होत्या. त्या मूळच्या केरळच्या. लग्न केलं नाही. पगारातून धाकट्या भावाचं शिक्षण केलं, त्याचं घर बांधलं, आणि आपण मात्र दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. उंची बेताची, केस कायम खोबरेल तेलानं चपचपीत, हातात बारा महिने छत्री. वैशाखातल्या उन्हातही दिवसातून दोनदा आंघोळ करायच्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात ही चैन लोकांना खुपायची, पण बोलणार कोण?

मराठी त्या बाळंतिणींच्या खोलीत शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या वऱ्हाडीत विनंती हा प्रकारच नव्हता, सगळे हुकूम. एसटीच्या कंडक्टरलाही त्या सांगायच्या, "घाबरू नको, श्वास घे, अन् माह्ये सुट्टे पैसे वापस दे." डॉक्टर नवे असले तर त्यांनाही याच आवाजात. नवे डॉक्टर महिनाभर नाराज असत आणि मग मुकाट्यानं ऐकायला लागत.

आता मुरमाचं. क्वार्टरमागच्या जागेत सिस्टर कप्प लावायच्या. कप्प म्हणजे हातभर लांब, जाड सालीचा, आत पांढराशुभ्र असलेला कंद. केरळात तो गरिबाचं जेवण आणि श्रीमंताची हौस असा दोन्ही आहे म्हणतात. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि त्यात हा कंद सडतो. म्हणून मुरूम मिसळायचा, त्याचे ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगात एकेक कांडी उभी खोचायची. ही कांडी दिसायला अगदी वाळक्या काटकीसारखी. सिस्टरनी पहिल्यांदा गावाकडून, चादरीत गुंडाळून, आगगाडीनं या कांड्या आणल्या तेव्हा दवाखान्यातल्या शिपायानं त्या सरपण समजून बंबात घातल्या होत्या. वाचल्या दोन-तीनच. त्या दोन-तीन कांड्यांची ही सगळी प्रजा. शिपाई निवृत्त होऊन गेला, पण सिस्टर त्याचं नाव निघालं की अजून म्हणायच्या, "त्यानं माह्या मायची वाडी पेटवली."

ते खरंच होतं. आईच्या वाडीतलं वाण होतं ते. आई गेल्यावर भावानं तिथं रबर लावलं.

हे कप्प खायला माणसं यायची. मला आधी कल्पनाच नव्हती की आपल्या जिल्ह्यात इतके मल्याळी असतील. वाशीमच्या रस्त्यावरचा टायरवाला, इंग्रजी शाळेतलं मास्तर-मास्तरीण जोडपं, मंगरूळपीरच्या खाजगी दवाखान्यातल्या दोघी नर्सा, एक बेकरीवाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं थंडीत कप्प निघायला लागलं की रविवारी सिस्टरकडे जमायची. मोटारसायकली कंपाउंडात लागायच्या. अंगणात तीन दगडांची चूल, त्यावर मोठं पातेलं. उकडलेलं कप्प, पाट्यावर वाटलेली हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी, वर कच्चं खोबरेल तेल, आणि दुसऱ्या पातेल्यात लाल रश्श्याची मासोळी. शेजारच्या क्वार्टरात माझ्या खिडकीत तो वास आला की मीही काहीतरी निमित्त काढून जायची. निमित्त काढायची गरज नव्हती, पण रिकाम्या हाती जायला संकोच वाटायचा.

सिस्टरचा एक नियम होता. कप्प घरी न्यायला मिळायचं नाही. पैसे देऊन नाही, डब्यात भरून नाही. इथं बसायचं, इथंच खायचं. आणि पोरांनी ते मल्याळीतच मागायचं. ही पोरं सगळी इथं जन्मलेली. शाळेत इंग्रजी, गल्लीत वऱ्हाडी. टायरवाल्याचा मुलगा सरळ ताट पुढं करून म्हणायचा, "मले अजून वाढा ना." सिस्टर पळी वर धरून उभ्या. शेवटी पोरगं बापाकडे बघत अडखळत म्हणायचं, "एनिक्क कप्प वेणम." मला कप्प हवं. तेवढं म्हटलं की पळी भरभरून खाली यायची. माझ्या देखत कितीतरी पोरं असं मागायला शिकली. पुढं त्यांना आणखी काही आलं की नाही, मला ठाऊक नाही.

"काहून त्रास देता लेकरांले?" मी एकदा म्हटलं.

"मासोळी, कप्प हे त्याईले कुठंबी भेटंल," त्या म्हणाल्या. "मागाले कोन शिकवंल?"

आता काकूंचं सांगायला हवं, नाहीतर सिस्टरचं पुढचं कळणार नाही. दवाखान्याच्या भिंतीला लागून काकूंचं घर. शेतकरी घरातली बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सगळं गाव तिला काकूच म्हणतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सिस्टरना पहिल्यांदा बोलावलं ते काकूंनीच. कोणी तरी कुजबुजलं म्हणे, बाई ख्रिस्ती, बिनलग्नाची, चालते का? काकू म्हणाल्या, "अर्ध्या गावाची लेकरं तिच्या हातात पडली. तिले नाही म्हनाले तुमचं तोंड कसं होते?" तेव्हापासून सिस्टर दर संक्रांतीला हळदीकुंकवाला जात आणि वाण म्हणून मिळालेल्या चहाच्या गाळण्या, प्लास्टिकच्या वाट्या, स्टीलच्या डब्या मनापासून वापरत.

काकूंना त्या झाडाचं भारी कुतूहल. याच कंदाचा साबुदाणा होतो हे मास्तरांनी एकदा सांगितलं, आणि काकूंचे डोळे चमकले. साबुदाणा झाडाला लागतो, तोही तयार दाण्यांसकट, अशी गावात बऱ्याच जणींची समजूत होती. काकूंनी पानांखाली वाकून वाकून दाणे शोधले. सिस्टरना साबुदाण्याचा उल्लेख खपायचा नाही. चांगल्या कंदाची चव धुऊन काढायची आणि त्याच्या गोळ्या करायच्या, याला त्या पाप म्हणत. पण काकूंच्या दृष्टीनं आता ते उपासाचं झाड झालं होतं.

महाशिवरात्रीला सकाळीच काकू कुंपणाशी आल्या. "बाई, हे तुमच्या उपासाले चालते का?"

सिस्टरचेही तेव्हा ईस्टरआधीचे पन्नास दिवसांचे उपास चालू होते, मासे-मटण बंद. "माह्या उपासाले चालते," त्या म्हणाल्या. "तुमच्याबी चालंल." आणि आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडून त्यांनी एक मोठा कंद काकूंच्या हातात दिला. "उकडजा बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत बाई अडली होती म्हणून धावत गेल्या.

काकूंनी कीस केला. दुसरं काय करणार? बटाट्याचा करतात, रताळ्याचा करतात. जिरं, मिरची, दाण्याचा कूट घालून तुपात परतायचा. उपासाच्या दिवशी आपल्याकडची कोणतीही बाई हेच करेल. कच्चं कप्प किसून नुसतं परतलं तर त्यातला विषारी अंश जात नाही. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकडायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं असतं. सुनेनं घास तोंडात घालून कडू लागतो म्हणून टाकून दिला. काकूंनी उपासाचं टाकायचं नाही म्हणून सगळा खाल्ला.

दुपारी काकूंना उचलून आणलं. उलट्या, गरगर, हातपाय गार. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या, चहा मागायला लागल्या. पण सुई लावताना काकूंचा हात धरायला सिस्टरनी मला बोलावलं, आणि स्वतः कॉटच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. गावात बातमी पसरली ती वेगळीच: केरळच्या बाईनं काकूले विष देल्लं. काकू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत होत्या, "उपासानं चक्कर आली मले. कायले बाईचं नाव घेता?"

त्यानंतर सिस्टरनी गावातल्या कोणालाच कप्प दिलं नाही. कोणी मागितलं तर कुंपणाशीच दोन्ही हात हलवून नाही म्हणायच्या. आणि काकूंनी काय करावं? पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी त्या स्वतःचा पाट घेऊन सिस्टरच्या अंगणात हजर झाल्या. "मले पाहू द्या," म्हणाल्या, "कसं करतेत ते." चुलीजवळ बसून त्यांनी साल काढण्यापासून पाणी ओतण्यापर्यंत सगळं पाहिलं, पानात घेतलं, चटणीला नाक-डोळे पुसले आणि निकाल दिला, "रताळ्यापरीस बरं हाय." तेवढ्यात कोणी तरी शेजारी मासोळीचं पातेलं टेकवलं. काकूंनी पाटासकट मागं सरकून घेतलं. "उपासाचं अन् मासोळी एकाच ताटात? काही लाजलज्जा!"

"माह्या गावात हे उपासाचं नाही, रोजचं हाय," सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्या गावात असंल. मी तिकडे बसतो."

तेव्हापासून दर रविवारी काकूंचा पाट चुलीच्या अलीकडे आणि मासोळी पलीकडे, असा समझोता झाला. सगळे मल्याळीत बोलायचे. काकूंना अक्षर कळायचं नाही, पण त्या शेवटपर्यंत बसायच्या.

मग सिस्टरची निवृत्ती आली, जानेवारीअखेर. भावानं तिकडं एक खोली काढून ठेवली होती. क्वार्टर रिकामं करायचं, आणि दवाखान्याच्या मागच्या सगळ्या जागेत सिमेंटचे गट्टू बसवायचे ठरलेलं. म्हणजे कप्पाची जागा गेली. सिस्टरना दुसरी कसलीच काळजी नव्हती. पेन्शनचे कागद त्यांनी एका सकाळी उरकले. पण कप्प कोणाकडे सोपवायचं, या एकाच गोष्टीनं त्यांची झोप उडाली.

आधी त्यांनी आपल्याच माणसांना विचारलं. टायरवाल्याचं दुकान पत्र्याचं, मागे नाला. मास्तर दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं. नर्सांची पुढच्या महिन्यात कुठं बदली होईल त्याचा नेम नाही. बेकरीवाला म्हणाला, "कशाला जीव काढता? नागपूरला मिळतं, विकत आणू." हे मात्र त्यांना झोंबलं.

त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन त्या मराठीत म्हणाल्या, "विकत आनतीन तर आपापल्या घरी बसून खातीन. मंग कोन कोनाकडे जाईन?" आणि रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. पाणी द्यावं की जवळ बसावं हे सुचेना. मी जवळ बसले.

दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की यंदा हळदीकुंकू त्यांच्याकडे. आणि वाण? "कप्पाच्या कांड्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सिस्टर, कोनी घेनार नाही. काकूंचं झालं ते गाव विसरलं नाही."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "म्हनून तर बोलावून राह्यली. तोंडावर नाही म्हनू दे."

रथसप्तमीच्या आत, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात गावातल्या झाडून साऱ्या बाया आल्या. नव्या साड्या, कडेवर लेकरं; बौद्धवाड्यातल्या, पाटलांकडच्या, सगळ्या, कारण प्रत्येकीच्या घरचं कोणी ना कोणी सिस्टरच्या हातात पडलेलं. हळद-कुंकू लावायला काकूंची सून होती. सिस्टर तिळगूळ वाटत होत्या. मग त्यांनी परात आणली. परातीत हातभर लांबीच्या कांड्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधलेला.

एकीनं पदर सावरला, एकीनं दाराकडं पाहिलं. शेवटी पुढं उभी असलेली म्हणाली, "बाई, रागाऊ नका. घरी लहान लेकरं हायेत आमच्या."

सिस्टरनी मान हलवली. परात तशीच दोन्ही हातांत. मी पुढं होणार, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

"सरका वं."

काकू गर्दीतून पुढं आल्या आणि त्यांनी परातीपुढं पदर पसरला. विधवा म्हणून वाण घ्यायला त्या कधी पुढं येत नसत; हळदीकुंकवाला इतरांना बोलवायच्या आणि स्वतः कोपऱ्यात बसायच्या. "टाका बाई," त्या म्हणाल्या. "मले बाधलं होतं ना? मंग मलेच पहिले द्या." आणि बायांकडे वळून, शाळेतल्या मास्तरणीच्या थाटात: "कच्चं खाचं नाही. किसाचं तर नावच काढाचं नाही. साल काढाची, मोठ्ठे तुकडे कराचे, लय पान्यात उकडाचं, झाकन ठेवाचं नाही, पानी दूर फेकाचं, जनावरालेबी पाजाचं नाही. मोरीच्या पान्यावर लावजा. काही समजलं नाही तर मले इचारजा. बाई जाऊन राह्यली, मी तर हाय ना इथं."

सिस्टरनी काकूंच्या पदरात कांड्या टाकल्या. किती टाकल्या त्यांनाही कळलं नसावं, टाकतच गेल्या. मग दोघी-तिघी पुढं झाल्या, मग आणखी काही. साऱ्यांनी घेतल्या नाहीत. घेतलेल्यांतल्याही काहींच्या वाळल्या, एकीच्या बकरीनं खाल्ल्या. माझी एक जगली. पण काकूंच्या मोरीपाशी रांगच्या रांग उठली, माणसापेक्षा उंच, पंज्यासारख्या पानांची. सिस्टर ते पाहायला थांबल्या नाहीत. जानेवारी संपला आणि त्या गेल्या. मागं गट्टू बसले.

गेल्या हिवाळ्यात रविवारी काकूंच्या परसात मोटारसायकली लागल्या. टायरवाला, मास्तर-मास्तरीण, बेकरीवालाही. काकूंनी चूल मांडली होती आणि अट घातली होती की मासोळी बाहेरच्या ओट्यावर शिजेल. टायरवाला झाडाभोवती फिरला, माती उकरून पाहिली, त्याला खात्री वाटेना. त्यानं केरळला फोन लावला आणि आवाज मोठा करून बराच वेळ मल्याळीत काही विचारलं. कंद काढायला झाला की नाही, एवढंच असावं.

पलीकडून उत्तर आलं ते वऱ्हाडीत. "मले कायले इचारतो? काकूले इचार. तिच्या घरचं हाय ते."

काकूंनी पदर खोचला आणि टायरवाल्याच्या हातातली कुदळ आपल्या हातात घेतली.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता फोन त्या गोळ्यावालीले दे." मी घेतला. मला वाटलं, विचारतील, कसं झालं, कोण कोण आलं.

"अंबाडीचं बी पाठव," त्या म्हणाल्या. "जास्त पाठव. इथं पाऊस लय, अर्धं सडंल."

"अंबाडी? तुमी कवा खात होत्या एवढी?"

"तिथं होतो तवा नाही खाल्ली," त्या म्हणाल्या. "इथं भावाच्या घरी कोनी तोंडाले लावनार नाही, लय आंबट म्हनतीन. पन बँकेत एक पोरगी बदलून आली, अकोल्याकडची. परवा माह्या पुढं रांगेत कोनी घुसलं, तं ती काचेच्या मागून ओरडली, काहून घुसून राह्यले म्हनून. मी तिचा हातच धरला. रविवारी जेवाले बोलावलं तिले."

"मंग? काय म्हनाली?"

"काय म्हनन? रडली," सिस्टर म्हणाल्या. "म्हनून सांगून राह्यली, बी लवकर पाठव."